नेमण्णाची वही

खारव्यात बांधलेली, कडा उंदरांनी चाखलेली.
पारिसाकाकांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले,
जपून ने, त्यात गावाची नाडी आहे.
मग स्वतःच हसले. असलं बोलायची काकांना सवय नाही.

नेमण्णा उपाध्ये, मुक्काम अक्कोळ.
माझ्या पणजोबांचा आज्जा.
सकाळी बस्तीत पूजा, दुपारी ओसरीवर रोगी.
मोडी मला येत नाही, म्हणून निपाणीला
निवृत्त तलाठी हुद्दारांकडे गेलो, पानाला वीस रुपये.
कन्नडही येत नाही. त्याला घरातच
त्रिशलावहिनी, माहेर गोकाक.
एका ओळीला दोन माणसं बसायची.
नेमण्णानं लिहिलंच तसं,
रोग मराठीत, रोगी कन्नडात,
आणि येणं ज्याचं त्याच्या भाषेत.

'तंबाखू दोन पेंड्या. पोचली.'
'सणगौडाची सासू, दमा, रिंगणीचा काढा.
अर्धा शेर जोंधळा, किडका.'
'कल्लव्वा, तिसरा दिवस. गेली. येणे सोडले.'

वेशीबाहेरच्यांची नाडी तो
त्यांच्या मनगटाला दोरा बांधायला लावून
दुसरं टोक चिमटीत धरून बघायचा.
आमच्यात हे कौतुकानं सांगतात,
लांबून बघायचा, तरी चुकायचा नाही.
वहीत त्या दोऱ्याचा पैसाही
त्यांच्याच नावावर मांडलाय.
हुद्दारांनी तेवढं वाचलं आणि
चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

आमच्यात मध खात नाहीत.
वैद्याचं मधाशिवाय चालत नाही. नेमण्णानं चालवलं.
सुंठ, पिंपळी, अडुळसा, सगळं काकवीत.
काकवीवैद्य म्हणायचे त्याला यमगर्णीपर्यंत,
आणि त्याला ते आवडायचं म्हणे.

शके सतराशे अठ्ठ्याण्णव, पौष.
जोंधळ्याच्या नोंदी थांबलेल्या, तंबाखूच्याही.
त्या पानावर एकच नाव:
'जिनक्का. वय सहा. छाती वाजते.'
पुढे एक शब्द कन्नड अक्षरांत, मग मोडीत 'तुप्प',
मग 'तीन मासे'.
कन्नड शब्द हुद्दारांनी सोडून दिला.
तुप्प म्हणजे तूप, म्हणाले, पोरीला तूप चाटवलं.
आम्ही दोन वर्षं तसंच सांगत राहिलो.
दुष्काळात तूप कुठून आलं, कुणी विचारलं नाही.

एकदा वहिनी भाकऱ्या थापता थापता उठून आल्या.
पिठाचं बोट पानापासून अंगुळभर वर धरलं,
म्हणाल्या, "हे जेनु आहे."
जेनुतुप्प.
तिकडं मधाला असंच म्हणतात,
जणू माशांनी कढवलेलं तूप.
आणि तव्यावरची करपेल म्हणून आत गेल्या.

पुढे आठ दिवस नोंद नाही.
अक्कोळात त्या आठ दिवसांत कुणी आजारी पडलं नसेल
असं होणार नाही, त्या साली तर नाहीच.
नवव्या दिवशी, पातळ शाईत:
'जिनक्का भाकर मागते.'

नेमण्णाला मुलगा नव्हता.
जिनक्काचाच धाकटा त्यानं दत्तक घेतला.
तो माझ्या पणजोबांचा बाप.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते
बराच वेळ अंगणातल्या नळाकडे बघत होते.
म्हणाले, काकवी संपली असेल रे.
असेल. ऊस कुठं होता त्या साली.

पण तीन मासे.
म्हणजे काटा काढला, तोलून घातला,
दुसऱ्या कुणाच्या पोरीला घातला असता तसा,
आणि मग लिहायला बसला,
आणि त्या एका शब्दाशी आल्यावर
लेखणी पलीकडच्या अक्षरात गेली.

वहिनींनी विचारलं,
त्या शब्दाखाली पेन्सिलीनं मराठीत लिहू का,
पुढच्यांना कळेल.
काकांना विचारून सांगतो म्हणालो.
अजून विचारलेलं नाही.